मालकाच्या पश्चात वाहन कोणाचे?

घरातील कर्ता माणूस निवर्तला की तेरावा होण्याच्या आतच कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. बँकेची पासबुके, आयुर्विम्याच्या पॉलिसी, घराचे खरेदीखत, गावाकडच्या जमिनीचा सातबारा या सर्वांची आठवण कोणी ना कोणी करून देतो. अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या स्कूटरची वा मोटारीची मात्र आठवण कोणाला होत नाही. तिची किल्ली पूर्वीप्रमाणेच खुंटीला असते आणि मुलगा किंवा सून ती गाडी घेऊन कामावर जातच असतात. त्यामुळे 'गाडी घरातच तर आहे' या समजुतीत महिने आणि पुढे वर्षेही निघून जातात. अपघात होतो, विम्याचा दावा करावा लागतो किंवा गाडी विकायला काढली जाते, तेव्हाच ही गाडी कागदोपत्री अजूनही दिवंगत व्यक्तीच्या नावावर असल्याचे ध्यानात येते. तोवर कायद्याने दिलेली मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

सातबाऱ्यावर वारसांची नावे लावून घ्यावी लागतात, तसेच वाहनाच्या नोंदणी पुस्तकातही नाव बदलून घ्यावे लागते. ते आपोआप बदलत नाही. ही प्रक्रिया फारशी अवघड नाही. मात्र तिला मुदतीचे बंधन आहे आणि काही प्रचलित गैरसमजांमुळे ती उगाचच किचकट होऊन बसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये वाहनाच्या मालकी हस्तांतराची तरतूद आहे. नोंदणीकृत मालकाचे निधन झाल्यास ज्या व्यक्तीच्या ताब्यात वाहन येते, तिने आपल्या निवासाच्या अथवा व्यवसायाच्या क्षेत्रातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात आरटीओकडे, ते आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज केला पाहिजे, असे हे कलम सांगते. त्याची रीत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ मध्ये दिलेली आहे.

या नियमात दोन मुदती आहेत आणि दोन्ही मृत्यूच्या तारखेपासून मोजल्या जातात. पहिली तीस दिवसांची. या काळात वारसाने आरटीओला मालकाच्या निधनाची माहिती द्यावयाची आणि आपण ते वाहन वापरू इच्छितो असे कळवावयाचे. दुसरी तीन महिन्यांची. तीस दिवसांत असे कळवलेले असेल तर तीन महिन्यांपर्यंत वारसाला ते वाहन जणू आपल्याच नावावर झाले आहे अशा रीतीने वापरता येते, आणि याच तीन महिन्यांत नावावर करण्याचा रीतसर अर्ज करावा लागतो. तीन महिन्यांची सवलत तीस दिवसांच्या सूचनेवर अवलंबून आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साध्या कागदावर लिहिलेले पत्र, त्यासोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि कार्यालयाची पोच, एवढ्याने पहिली पायरी पूर्ण होऊ शकते.

मृत्यूचा दाखला वेळेवर हाती असणे त्यासाठी अर्थातच आवश्यक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. दाखल्याच्या पाच-सात प्रती एकाच वेळी घेऊन ठेवल्यास पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

कोणते कागद लागतात?

मालकाच्या निधनानंतरच्या हस्तांतरासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. विक्रीच्या व्यवहारात वापरले जाणारे फॉर्म २९ आणि ३० हे विकणारा व घेणारा दोघेही हयात असताना करावयाच्या हस्तांतराचे आहेत. फॉर्म ३१ सोबत मृत्यूचा दाखला, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा प्रमाणपत्र आणि विहित शुल्क द्यावे लागते. शुल्क साधारणतः त्या वर्गातील वाहनाच्या नोंदणी शुल्काच्या निम्मे असते. याखेरीज व्यवहारात वारसाच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, पॅन कार्ड, पीयूसी प्रमाणपत्र, चासी क्रमांकाचा ठसा आणि इतर वारसांची संमती मागितली जाते.

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरून भरता येतो. येथे एक व्यावहारिक अडचण हमखास उभी राहते. वाहनाच्या नोंदीशी जोडलेला मोबाइल क्रमांक दिवंगत मालकाचा असतो आणि ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. निधनानंतर घरातील मंडळी ते सिमकार्ड घाईने बंद करतात आणि मग अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. वाहन, बँक आणि विमा यांची कामे पूर्ण होईपर्यंत तो क्रमांक चालू ठेवणे शहाणपणाचे. वाहनावर ई-चलनाचा दंड थकलेला असल्यास तोही आधी भरून टाकावा.

वडिलांची गाडी लातूरच्या एमएच-२४ या क्रमांकाची आणि ती वापरणारा मुलगा पुण्यात, अशी स्थिती आता घरोघरी आहे. अशा वेळी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नव्या कार्यालयात नोंद करावी लागते. गाडी दुसऱ्या राज्यात न्यावयाची असेल तर फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्राबरोबर तेथील कराचाही प्रश्न येतो.

विम्याची बाजू

नाव बदलण्यातील दिरंगाईचा सर्वांत मोठा फटका विम्याच्या बाबतीत बसतो. आपल्याकडील वाहन विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत एक अट असते. एकट्या विमाधारकाचे निधन झाल्यास पॉलिसी लगेच संपुष्टात येत नाही. ती निधनापासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, चालू राहते. या काळात वारसाने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी अथवा नवी घ्यावी. 'यांपैकी जे आधी घडेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. निधनानंतर वीस दिवसांनीच पॉलिसीची मुदत संपत असेल, तर वारसाच्या हाती तीन महिने नसून वीसच दिवस असतात.

येथे अनेक कुटुंबे सद्भावनेनेच एक चूक करतात. नूतनीकरणाची सूचना मोबाइलवर येते, मुलगा ऑनलाइन हप्ता भरतो आणि वडिलांच्या नावाने नवी पॉलिसी निघते. कागद हाती आल्यामुळे विमा आहे असे वाटते. परंतु जी व्यक्ती हयातच नाही तिच्याशी झालेला करार प्रत्यक्ष दाव्याच्या वेळी कितपत टिकेल? गाडीच्या नुकसानीचा दावा अशा स्थितीत नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली आणि विमा कंपनीने जबाबदारी झटकली, तर भरपाईचा बोजा थेट कुटुंबावर येऊ शकतो.

दुसरा मुद्दा वैयक्तिक अपघात विम्याचा. वाहनमालक स्वतः वाहन चालवीत असताना अपघातात दगावल्यास वारसांना पंधरा लाख रुपये मिळावेत, असे संरक्षण विमा नियामकाच्या २०१८ मधील आदेशानंतर लागू झाले. मात्र त्यासाठी चालवणारी व्यक्ती वाहनाची नोंदणीकृत मालक असावी, पॉलिसी तिच्याच नावावर असावी आणि तिच्याकडे वैध परवाना असावा, अशा अटी आहेत. वडिलांच्या नावावरची मोटारसायकल वर्षानुवर्षे चालवणारा मुलगा या अटींत बसत नाही. म्हणजे नाव न बदलण्याची किंमत त्याच्या बायकामुलांना मोजावी लागू शकते.

नोंदवहीतील नावाला न्यायालय किती महत्त्व देते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालातून दिसते. त्या प्रकरणातील वाहन एकामागून एक अनेक हातांत विकले गेले होते, परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. प्रकरण विक्रीचे होते, वारसाचे नव्हे. तरीही नोंदणीकडे दुर्लक्ष करू नये, हा त्यातील धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

वारस कोण आणि किती?

वाहन ही जंगम मालमत्ता आहे. मृत्युपत्र नसल्यास तिची वाटणी त्या व्यक्तीला लागू असलेल्या वारसा कायद्यानुसार होते. हिंदू पुरुषाच्या बाबतीत हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस होत. समजा, एखाद्या गृहस्थाच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि वृद्ध आई असा परिवार आहे. त्याच्या स्वकष्टार्जित मोटारीत या पाचही जणांचा प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा येतो. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी आणि गावी राहणारी आई यांची संमती घेण्याचे राहून जाते आणि नेमका तेथेच अर्ज अडतो. वडील मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते.

मुस्लिम कुटुंबांत त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानुसार हिस्से ठरतात, तर ख्रिस्ती व पारशी समाजांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. गोव्यात स्थिती आणखी वेगळी आहे. तेथील नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे जोडीदाराच्या निधनानंतर निम्मा वाटा हयात जोडीदाराचा स्वतःचाच असतो आणि वारशाचा प्रश्न फक्त उरलेल्या निम्म्यापुरता येतो.

नोंदणी सहसा एकाच व्यक्तीच्या नावावर होत असल्याने सर्व वारसांनी एकाचे नाव ठरवावयाचे आणि इतरांनी प्रतिज्ञापत्रावर ना हरकत द्यावयाची, ही प्रचलित पद्धत आहे. अज्ञान मुलांच्या वतीने आई पालक म्हणून सही करते. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या वारसाला केवळ सहीसाठी भारतात येण्याची गरज नसते. तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र पाठवता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

वारसांत वाद असेल अथवा आरटीओने आग्रह धरला तर न्यायालयाचा वारस दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ या, आजही लागू असलेल्या, जुन्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. पुष्कळजण याची उत्तराधिकार प्रमाणपत्राशी गल्लत करतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे मुख्यतः मृताची येणी, ठेवी आणि रोखे वसूल करण्यासाठी असते. वाहनासाठी वकिलाचा सल्ला घेतल्याविना त्या खर्चात पडू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

संमतीपत्रांची ही धावपळ कमी व्हावी, या हेतूने केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. वाहनाच्या नोंदणीच्या वेळीच मालकाला नॉमिनीचे नाव देता येते. आधीच नोंदणी झालेल्या वाहनासाठीही ते नंतर ऑनलाइन नोंदवता येते. घटस्फोट, मालमत्तेची वाटणी अशा कारणांनी नाव बदलण्याचीही सोय आहे. मालकाच्या निधनानंतर नॉमिनीने संकेतस्थळावर मृत्यूचा दाखला सादर करून आपल्या नावाने नव्या नोंदणी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा. आधार पडताळणी स्वीकारल्यास हे काम कार्यालयात न जाता होण्याची तरतूद आहे. तीस दिवस आणि तीन महिने या मुदती मात्र नॉमिनीलाही लागू आहेत.

ही सोय चांगली आहे आणि प्रत्येक वाहनधारकाने तिचा लाभ घ्यावा. परंतु तिच्याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नॉमिनीचे नाव लिहिले म्हणजे इतर वारसांचा हक्क संपला, असे होत नाही. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 'सरबती देवी' प्रकरणात १९८३ मध्येच स्पष्ट केले होते की, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात असतो, त्या पैशांवर हक्क मात्र वारसा कायद्यानुसार वारसांचाच राहतो. कंपन्यांच्या समभागांविषयी हाच प्रश्न 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर' या मुंबईतील प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. नॉमिनी नेमणे ही मृत्युपत्राला समांतर अशी वारशाची वेगळी वाट नव्हे, असा निकाल तेथे डिसेंबर २०२३ मध्ये लागला. हे दोन्ही निकाल वाहनांविषयी नाहीत. तरीही वाहनाच्या नॉमिनीकडे याच दृष्टीने पाहणे सुरक्षित होय. आरटीओने गाडी कोणाच्या नावावर करावयाची हे नॉमिनीच्या नोंदीने सोपे होते. घरात तिची किंमत कोणाकोणाच्या वाट्याला यावी, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वाहन विम्याच्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव असते आणि गाडीला नॉमिनी लावलेला आहे, असा घरच्यांचा समज होतो. पॉलिसीतील ते नाव वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम कोणाला द्यावयाची यासाठी असते. नोंदणी प्रमाणपत्रावरील नॉमिनीशी त्याचा काही संबंध नाही.

कर्जाची गाडी

नोंदणी पुस्तकात बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तिच्या संमतीविना नाव बदलत नाही. फॉर्म ३१ मध्येच त्यासाठी जागा असते. कर्ज घेताना त्यासोबत कर्जसंरक्षण विमा काढला होता काय, हे वारसाने प्रथम तपासावे. हप्त्यांच्या कागदांत तो दडलेला असतो आणि बँक आपणहून सांगेलच असे नाही. असा विमा असल्यास उरलेले कर्ज त्यातून फिटू शकते. नसल्यास वारसांची जबाबदारी, ते स्वतः सहकर्जदार वा जामीनदार नसतील तर, मृताकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. कर्ज पूर्ण फिटल्यानंतर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र देऊन बोजा उतरवून घ्यावा. तो तसाच राहिला तर पुढे विक्रीच्या वेळी पुन्हा अडचण येते.

रिक्षा, टॅक्सी आणि मालमोटार

खासगी गाडीचे नाव बदलायला उशीर झाला तर गैरसोय होते. रिक्षाचे राहिले तर चूल थंडावते. प्रवासी व मालवाहतुकीच्या वाहनांना नोंदणीबरोबर परमिटही लागते आणि त्यासाठी कलम ८२ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. परमिटधारकाच्या निधनानंतर वाहन ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवल्यास तीन महिने तेच परमिट वापरता येते, आणि परमिट नावावर करण्याचा अर्जही तीन महिन्यांतच करावा लागतो. उशिरा आलेला अर्ज सबळ कारण असल्यास प्राधिकरण विचारात घेऊ शकते. मात्र परमिटची मूळ मुदत मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाविना ते वापरता येत नाही.

म्हणजे रिक्षाचालकाच्या पत्नीला एकाच वेळी दोन अर्ज करावे लागतात, नोंदणीचा वेगळा आणि परमिटचा वेगळा. एक केला म्हणजे दुसरा झाला, असे समजू नये. रिक्षा दुसऱ्याला चालवायला द्यावयाची असल्यास त्याच्याकडे योग्य परवाना व बिल्ला असल्याची खातरजमाही तिनेच करावयाची असते.

कोऱ्या फॉर्मवरील सह्या

गाडी विकूनच टाकावयाची असेल तर अनेक घरांत एक 'सोपा' मार्ग सुचवला जातो. वडिलांनी कधीकाळी सही करून ठेवलेले फॉर्म २९ व ३० शोधावयाचे, त्यावर मागची तारीख घालावयाची आणि गाडी थेट खरेदीदाराच्या नावावर करावयाची. काही वेळा सहीदेखील घरातच 'उतरवली' जाते. यात खोटी कागदपत्रे केल्याचा फौजदारी गुन्हा संभवतो, आणि पुढे एखाद्या वारसाने हरकत घेतली तर खरेदीदारही अडचणीत येतो. आधी वारसाच्या नावावर, मग खरेदीदाराच्या नावावर, हाच सरळ मार्ग. वेळ थोडा अधिक लागतो, पण पुढची झोप शाबूत राहते. मृताच्या नावावरची गाडी घेणाऱ्यानेही हाच आग्रह धरावा.

नाव बदलल्यावर विमा, फास्टॅग आणि वाहनाच्या नोंदीशी जोडलेला मोबाइल क्रमांक या तीन गोष्टी नव्या मालकाच्या नावाने करून घ्याव्यात. जुना फास्टॅग दिवंगत व्यक्तीच्या बँक खात्याशी जोडलेला असू शकतो. तो बंद करून नवा घेणेच योग्य.

हयातीतच करावयाचे काम

वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी मालकाने हयातीतच टाळण्यासारख्या आहेत. नोंदणीत नॉमिनीचे नाव द्यावे आणि मृत्युपत्रातही त्याच व्यक्तीला वाहन द्यावे, म्हणजे दोन कागदांत विसंगती राहणार नाही. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात, नोंदणी मात्र सक्तीची नाही. त्यात गाडीचा क्रमांक लिहिण्याऐवजी 'माझ्या मृत्यूसमयी माझ्या नावावर असलेले वाहन' असे शब्द घालावेत. गाड्या बदलत राहतात, मृत्युपत्र मात्र क्वचितच बदलले जाते. नोंदणी पुस्तक, विम्याची पॉलिसी आणि बँकेचे कागद कोठे ठेवले आहेत, हे घरातील निदान एका व्यक्तीला ठाऊक असावे.

मृत्यूनंतरच्या व्यवहारांविषयी आपल्याकडे घरात मोकळेपणाने बोलले जात नाही. तो विषय अशुभ मानला जातो. परंतु दुःखाच्या दिवसांत घरच्यांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, अशी इच्छा कोणाची नसते? त्यासाठी ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानेच आज नॉमिनीची नोंद तपासून घ्यावी, आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग ओढवला आहे त्यांनी पहिल्या तीस दिवसांतच आरटीओला कळवावे.